‘कॉन्सन्ट्रेटेड’ बाटली घरी आल्यावर: किती पाणी, कुठल्या क्रमाने, आणि नेमकं कुठे चुकतं

नागपूरच्या इतवारी बाजारातून पांढऱ्या फिनाईलचा पाच लिटरचा कॅन येतो. वर मोठ्या अक्षरांत ‘कॉन्सन्ट्रेटेड’. दुकानदार तोंडी सांगतो, ‘‘झाकणभर टाका बादलीत.’’ घरी कुणी तो थेट फरशीवर ओततं आणि दोन दिवस फरशी पायाला चिकटत राहते. शेजारच्या घरात उन्हाने गळालेल्या लेकराला ओआरएसचं अख्खं पाकीट एका ग्लासात कालवून देतात, ‘जोरदार होईल’ म्हणून. पहिल्या चुकीत फरशी खराब होते, दुसरीत लेकरू दवाखान्यात पोहोचू शकतं. दोन्हीकडे चूक मात्र एकच: डब्यातला पदार्थ किती दाबून भरलेला आहे आणि त्यात आपण किती पाणी घालायचं, हे मोजलंच नाही.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दर मार्चपासून वस्तीतल्या बायका, गच्चीवर बाग करणारे काका आणि इन्व्हर्टरवाले भाऊ मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून सगळं एकदाच, क्रमाने लिहिते आहे.

## १. आधी शब्द नीट समजून घ्या

शाळेच्या पुस्तकात ‘कॉन्सन्ट्रेटेड’साठी ‘संहत’ हा शब्द आहे आणि त्याच्या उलट ‘विरल’. ठरावीक द्रावणात मुख्य पदार्थ जास्त असेल तर ते संहत, कमी असेल तर विरल. स्वयंपाकघरात हीच गोष्ट आपण ‘आटवलेलं’ म्हणतो. बासुंदीत दूध तेच असतं, पाणी गेलेलं असतं. कॉन्सन्ट्रेट म्हणजे कंपनीने पाणी भरून पाठवलेलं नाही, ते काम तुमच्यावर सोपवलं आहे.

इथे तीन शब्दांची गल्लत होते.

संहत आणि घट्ट एक नाहीत. तर्री-पोह्यांवरची तर्री पातळच असते, पण एक चमचा जास्त पडला तर डोळ्यांतून पाणी येतं. कांजी घट्ट असते, पण तिच्यात स्टार्च थोडाच असतो. बाजारातलं टॉयलेट क्लीनर मधासारखं दाट दिसतं, तरी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १० टक्केच असतं. दाटपणा मुद्दाम आणलेला असतो, भांड्याच्या उभ्या भिंतीला ते चिकटून राहावं म्हणून. म्हणून पातळ दिसणाऱ्या बाटलीला सौम्य समजू नका.

संहत आणि तीव्र हेही एक नाहीत. पुस्तकातलं ‘तीव्र आम्ल’ म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटन होणारं आम्ल, आणि ‘सौम्य आम्ल’ म्हणजे थोडंच विघटन होणारं. हा आम्लाचा स्वभाव आहे, पाणी घालून बदलत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी घाला, ते विरल होईल पण तीव्रच राहील. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, पण तेच जवळजवळ पाण्याविना मिळालं तर कातडी भाजते.

वास म्हणजे प्रमाण नाही. फिनाईलला वास येईना म्हणून अजून ओतणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. सुगंध वेगळा घातलेला असतो आणि नाक पाच मिनिटांत त्याला सरावतं.

एक छोटी गोष्ट. मोबाइलवरचं भाषांतर याच इंग्रजी शब्दाला कधी कधी ‘एकाग्र’ म्हणतं. लेबलावर ‘एकाग्र द्रावण’ असं काही दिसलं तर ते संहत असं वाचा.

## २. लेबलावरचे तीन आकडे शोधा

पहिला, मुख्य घटक किती टक्के. दुसरा, पाण्याचं प्रमाण. तिसरा, उत्पादनाची तारीख. सुट्या कॅनवर यातलं काहीच नसतं. अशा वेळी दुकानदाराकडून प्रमाण कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

प्रमाण वाचताना सावध राहा. ‘१:३’ म्हणजे एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि तीन भाग पाणी, मिळून चार भाग. ‘तीनात एक’ म्हणजे मिळून तीन भाग, त्यात पाणी दोनच. सरबतात पहिल्या पद्धतीने स्क्वॅश पाव हिस्सा येतो, दुसऱ्या पद्धतीने एक तृतीयांश. चवीला लगेच कळतं. ‘लिटरला ५ मिली’सारख्या प्रमाणात हा फरक नगण्य असतो, तिथे डोकं शिणवू नका.

> तपासा: ‘किती कॉन्सन्ट्रेट, किती पाणी, एकूण किती’ हे तीन आकडे तुम्हाला न अडखळता सांगता आले तरच पुढे जा.

## ३. मोजण्याची साधनं आधी जमवा

झाकण हे माप नाही. एका बाटलीचं झाकण ५ मिलीचं, दुसरीचं २५चं असू शकतं. घरात एवढं असू द्या:

- औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज, सुई न लावता
- १०० किंवा २०० मिलीचं खुणांचं प्लास्टिक माप
- खुणा केलेली एक बादली
- ढवळायला लाकडी किंवा प्लास्टिकची काठी, धातूची नको
- रबरी हातमोजे आणि साधा चष्मा

बादलीवर खुणा करायला दहा मिनिटं लागतात. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजून पाणी ओता आणि दर पाच लिटरला बाहेरून ऑइल पेंटची रेघ मारा. ‘बादलीभर’ म्हणजे कुणाकडे १२ लिटर, कुणाकडे २० लिटर. नुसत्या या एका रेघेने निम्म्या चुका थांबतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

ही साधनं साफसफाईसाठी वेगळी, खाण्यापिण्यासाठी वेगळी. सिरिंजवर लाल टेप गुंडाळा.

## ४. हिशोब कागदावर करा

सूत्र एकच:

आहे ती टक्केवारी × घ्यायचं माप = हवी ती टक्केवारी × एकूण तयार होणारं द्रावण

उदाहरण घेऊ. घरात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट आहे, म्हणजे कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच. फरशी किंवा मोरी निर्जंतुक करायला ०.१ टक्का हवं. एकूण एक लिटर करायचं.

५ × माप = ०.१ × १००० मिली. माप आलं २० मिली. म्हणजे २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. दहा लिटरच्या बादलीसाठी २०० मिली.

ताळा करायची सोपी रीत अशी: ५ टक्क्यांवरून ०.१वर यायचं म्हणजे पन्नासपट विरल करायचं. एक लिटरचा पन्नासावा भाग २० मिली. जुळलं.

> सावधान: ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने कमजोर होतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. कॅन अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवा. मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा.

## ५. जागा आणि वेळ

कूलर चालू, दारं-खिडक्या बंद अशा खोलीत काहीही मिसळू नका. सकाळी, उघड्या अंगणात किंवा गच्चीवर सावलीत करा. लेकरं आणि जनावरं दूर. शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली असू द्या, हात किंवा डोळा धुवायला लागली तर धावाधाव नको.

## ६. आधी पाणी, मग कॉन्सन्ट्रेट

या लेखातून एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही.

कारण असं. संहत सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्क्यांचं असतं आणि पाण्याच्या जवळजवळ १.८ पट जड. ते पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निघते. आम्लावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वरच तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन तोंडावर उडतं. पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने घातलं तर खाली जाता जाता उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरीही स्पष्ट सांगते, सल्फ्युरिक आम्ल घरी विरल करायची वेळ कुणावर येऊच नये. ते काम प्रयोगशाळेचं.

बाकी पदार्थांनाही हाच क्रम लागू आहे. साबणाच्या द्रावणावर नळ सोडला की बादलीभर फेस होतो आणि खालचा साबण तसाच राहतो.

क्रम असा:

१. लागणाऱ्या पाण्यातलं तीन चतुर्थांश पाणी आधी घ्या.
२. मोजलेलं कॉन्सन्ट्रेट बारीक धारेने सोडा, काठीने ढवळत राहा.
३. माप त्याच पाण्याने दोनदा विसळून आत ओता. दाट द्रव मापाला चिकटून राहतो, तो हिशोबात धरलेला असतो.
४. उरलेलं पाणी घालून खुणेपर्यंत आणा आणि पुन्हा ढवळा.

फार कमी माप असेल तर दोन टप्प्यांत विरल करा. त्याचं उदाहरण पुढे स्क्वॅशमध्ये आहे.

> सावधान: दोन कॉन्सन्ट्रेट एकत्र करू नका. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर मिळून क्लोरामाइनचे वायू होतात. बंद बाथरूममध्ये दोन्ही जीवघेणे. एक वापरून झालं की भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी.

> सावधान: ‘बाथरूम ॲसिड’ कोटा फरशीवर आणि संगमरवरावर टाकू नका. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने ते विरघळतात आणि गेलेली चकाकी परत येत नाही.

## ७. उरलेलं नाव लिहूनच ठेवा

पदार्थ, प्रमाण, तारीख. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. तहानलेला माणूस उन्हातून येऊन बाटली तोंडाला लावतो, वाचत नाही.

## ८. ओआरएस: इथे जास्त म्हणजे चांगलं नाही

नागपूरच्या उन्हाळ्यात हे प्रत्येक घरात लागतं, म्हणून जरा थांबून वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं पाकीट २०० मिलीसाठी असतं. दोन्ही पाकिटं दिसायला सारखी असतात आणि नेमकी इथेच गडबड होते. मोठं पाकीट ग्लासात घातलं की द्रावण पाचपट संहत होतं. असं द्रावण आतड्यात गेलं की शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम चढतं. लहान मुलाला याने झटके येऊ शकतात. आईला वाटतं, पाजते आहे तरी बरं का वाटत नाही, आणि ती अजून पाजते.

करायचं असं:

१. हात धुवा. एक लिटर पाणी मोजून उकळा आणि पूर्ण गार करा, किंवा पिण्याचं शुद्ध पाणी घ्या. उकळताना थोडं पाणी वाफेने जातं, म्हणून गार झाल्यावर पुन्हा मोजून एक लिटर करा.
२. पाकीट पूर्ण रिकामं करा. अर्धं आत्ता, अर्धं संध्याकाळी असं करू नका. पाकिटातली पूड सारखी मिसळलेली नसते आणि अर्ध्यात मीठ किती आलं ते कळत नाही.
३. ढवळा. दूध, चहा, ज्यूस किंवा वरून साखर काहीही घालू नका. मिसळल्यावर उकळू नका.
४. घोट घोट पाजा. २४ तासांनी उरलेलं फेका.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शीग लावलेला चमचा भलताच भरतो.

> तपासा: चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. चुकलेल्या ओआरएसमध्ये अंदाजाने पाणी घालून ते दुरुस्त करू नका. लेकरू सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा डोळे खोल गेले तर थेट दवाखाना.

बाळाच्या डब्याच्या दुधालाही हाच नियम. डब्यातला चमचा, सपाट, लेबलावरचं पाणी. ‘जास्त ताकद मिळेल’ म्हणून चमचा वाढवू नका आणि डबा पुरवायचा म्हणून पाणीही वाढवू नका.

## ९. संत्र्याचं स्क्वॅश: दोन टप्प्यांत विरल करायची रीत

कळमना बाजारात मृग बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा घरोघरी स्क्वॅश होतं. व्यापारी स्क्वॅशमध्ये कायद्याने किमान २५ टक्के फळांचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ (मुख्यतः साखर) लागतात. तोच आकडा घरीही धरा.

एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात गरम करून विरघळवा, गाळा, पूर्ण गार करा, मग रस घाला. रस उकळलात तर नागपुरी संत्र्याचं सरबत कडू होतं. लिमोनिनचा कडवटपणा उष्णतेने आणि वेळेने चढतो. म्हणून बिया आणि पांढरी साल मिक्सरमध्ये भरडली जाऊ देऊ नका, रस हाताने किंवा स्क्वीझरने काढा.

साधारण तीन लिटर स्क्वॅश होतं. ते वर्षभर टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड घालतात, तिच्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड स्क्वॅश टिकवतो. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ३५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे लिटरला साधारण अर्धा ग्रॅम पूड सुरक्षित हद्दीत बसते. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम मोजणार कसा? इथे ‘चिमूटभर’ टाकणं हीच मोठी चूक. चिमूट कुणाची पाव ग्रॅम, कुणाची दीड.

दोन टप्पे करा. १० ग्रॅम पूड मोजा, थोड्या पाण्यात विरघळवून एकूण २०० मिली करा. आता दर १० मिलीत बरोबर अर्धा ग्रॅम आहे. सिरिंजने दर लिटर स्क्वॅशला १० मिली घाला, तीन लिटरला ३०. न मोजता येणारं माप मोजता येण्याजोगं झालं. उरलेलं द्रावण ठेवू नका, पाण्यासोबत मोरीत सोडा. पूड हुंगू नका, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर पूड न घालता थोडंच स्क्वॅश करून फ्रिजमध्ये ठेवा.

पिताना एक भाग स्क्वॅश, तीन भाग गार पाणी.

## १०. नकळत संहत होणारी द्रावणं

हा भाग कुणी विचारत नाही, आणि नुकसान इथेच होतं.

इन्व्हर्टरची बॅटरी. आत साधारण ३५ ते ३७ टक्के सल्फ्युरिक आम्ल असतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तेव्हा पाणी जातं, आम्ल आतच राहतं, म्हणजे उरलेलं द्रावण आधीच जास्त संहत झालेलं असतं. त्यात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळणारं आम्ल ओतलं की प्लेटा खराब होतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेपर्यंत, चष्मा लावून. मार्च ते जून दर महिन्याला पाहा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको.

कूलर. टाकीतलं पाणी उडतं, क्षार उरतात. आपण वरून फक्त भर घालत राहतो आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होतं. पॅडवर पांढरा थर येतो, पंपाला खडी धरते. बोअरच्या पाण्यावर कूलर चालत असेल तर हे झपाट्याने होतं. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासांची अंडीही त्यानेच जातात.

> सावधान: चालू कूलरच्या टाकीत फिनाईल किंवा ब्लीच टाकू नका. पंखा तेच द्रावण खोलीभर फेकतो आणि तुम्ही ते रात्रभर श्वासात घेता. धुताना वापरायचं तर कूलर बंद करून, आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने काढून.

## ११. फवारणी: गच्चीवरची असो वा काटोलच्या बागेतली

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे याविषयी बोलताना मी कुणाची भीड ठेवत नाही. लेबलावर ‘लिटरला २ मिली’ असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, त्यापेक्षा एक थेंब जास्त नाही. कीड गेली नाही तर औषध चुकीचं असेल किंवा वेळ चुकली असेल, मात्रा वाढवणं हा उपाय नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

पंप अर्धा पाण्याने भरा, औषध वेगळ्या मगात थोड्या पाण्यात मिसळून ओता, मग पंप पूर्ण भरा. दोन औषधं एकत्र करायची गरज पडलीच तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं मिसळून अर्धा तास ठेवा. फाटलं किंवा साका बसला तर पंपात घालू नका. वारा पाठीकडून यायला हवा, पूर्ण बाह्या, मास्क. भर दुपारी नाही.

गच्चीवरच्या कुंड्यांना निंबोळी तेल लिटरला ५ मिली पुरतं, पण तेल पाण्यात मिसळत नाही. आधी तेलात थोडा द्रव साबण घोटा, मग पाण्यात सोडा. वर तवंग दिसला तर मिसळलेलं नाही, आणि तो तवंग पानावर पडला की पान भाजतं.

## १२. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर

वाहत्या साध्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. डोळा बोटांनी उघडा ठेवा. आम्ल उडालं म्हणून सोडा आणि सोडा उडाला म्हणून लिंबू लावू नका. अंगावरच उष्णता निघून जखम वाढते. कुणी काही प्यायलं असेल तर उलटी करवू नका. जाळणारा पदार्थ घशातून दुसऱ्यांदा जातो. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. तिच्यावरची टक्केवारी पाहून डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं. सुट्या कॅनमधलं असेल तर दुकानदाराने लिहून दिलेला तो कागद कॅनलाच टेपने चिकटवून ठेवलेला असू द्या.